स्तन कर्करोग व दैनंदिन रसायने

स्तनातील दुग्धनलिका व दुग्धखंडिका यांच्या अस्तर-कोशिकांपासून (पेशींपासून) उद्भवणाऱ्या मारक अर्बुदाचा संबंध अन्न, पेय, औषधे, कीटकनाशके, प्लॅस्टिके व सौंदर्यप्रसाधने यांतून शरीरात जाणाऱ्या रसायनांशी कितपत आहे, याचा विचार येथे केला आहे. वाढते वय, लवकर ऋतुप्राप्ती, उशिरा रजोनिवृत्ती, उशिरा झालेली पहिली प्रसूती व रजोनिवृत्तीनंतरची स्थूलता यांमुळे या रोगाचा धोका वाढतो. आनुवंशिक जनुकदोष सु. ५ ते १० टक्के रुग्णांतच आढळतो.

रसायनांची क्रिया मुख्यतः दोन प्रकारे होते. काही रसायने कोशिकेतील डीएनएला इजा करतात. काही स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) या हॉर्मोनाचे अनुकरण करून स्तनातील ऊतकाची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाची) वाढ उद्दीपित करतात. आना सोटो व कार्लोस सोननशाइन यांना बॉस्टन येथील प्रयोगशाळेत स्तन कर्करोगाच्या कोशिका हॉर्मोन न घालताही वाढत असल्याचे आढळले. प्लॅस्टिकच्या नळ्यांतून पाझरलेले नॉनिलफिनॉल हे त्याचे कारण असल्याचे त्यांनी १९९१ मध्ये दाखविले.

सिद्ध झालेले संबंध : दैनंदिन द्रव्यांपैकी मद्याविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. रोज सु. १० ग्रॅ. अल्कोहॉल घेतल्यास धोका सु. ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे १९३८ मध्ये तयार केलेले कृत्रिम स्त्रीमदजन गर्भपात टाळण्यासाठी अमेरिकेत गर्भवतींना दिले जाई. १९७१ मध्ये तेथे गर्भारपणातील त्याच्या वापराविरुद्ध इशारा देण्यात आला. ते घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्तन कर्करोगाचा धोका सु. ३० टक्क्यांनी अधिक आढळला.

डीडीटी : न्यूयॉर्कमधील १९९३ च्या पाहणीत रुग्णांच्या रक्तात डीडीटीचा अवशेष अधिक आढळला, परंतु नंतरच्या मोठ्या पाहण्यांत या निष्कर्षाला पुष्टी मिळाली नाही. या पाहण्यांत रक्त प्रौढ वयात, संपर्कानंतर अनेक वर्षांनी तपासलेले होते. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मात्र १९५९–६७ या काळात घेतलेले रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. डीडीटीचा सार्वत्रिक वापर १९४५ च्या सुमारास सुरू झाल्याने जन्मवर्षावरून संपर्काच्या वेळचे वय ठरविता आले. त्या वेळी १४ वर्षांखालील असलेल्या व रक्तात डीडीटी सर्वाधिक असलेल्या स्त्रियांत पन्नाशीपूर्वीच्या स्तन कर्करोगाचा धोका सु. पाचपट आढळला (२००७). अभ्यासातील रुग्ण १२९ च असल्याने हा आकडा जपून घ्यावा लागतो. तथापि मात्रेइतकेच संपर्काचे वयही महत्त्वाचे असते, हे त्यावरून दिसते. अमेरिकेने १९७२ मध्ये व भारताने १९८९ मध्ये शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घातली.

अनिश्चित संबंध : प्लॅस्टिकमधील बिसफिनॉल-ए प्राण्यांच्या स्तनऊतकात बदल घडविते, मानवातील पुरावा अपुरा आहे. प्रसाधनांत परिरक्षक म्हणून वापरली जाणारी पॅराबेने २००४ मध्ये २० स्तन-अर्बुदांत आढळली. परंतु निरोगी ऊतकाशी तुलना केलेली नसल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कायमस्वरूपी केशरंग वापरणाऱ्या अमेरिकन स्त्रियांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धोका ९ टक्क्यांनी अधिक आढळला. अशी वाढ सापेक्ष असते : समजा, १,००० स्त्रियांपैकी ३० जणींना रोग होत असेल, तर ९ टक्के वाढीने ती संख्या सु. ३३ होईल.

प्रतिबंध : मद्य वर्ज्य करणे हा निश्चित लाभाचा उपाय होय. प्लॅस्टिकच्या भांड्यात अन्न गरम न करणे व मुली आणि गर्भवती यांना कीटकनाशकांपासून दूर ठेवणे ही वाजवी दक्षता ठरते. मात्र अशी दक्षता वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही. स्तनात गाठ, त्वचेला खळी किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव आढळल्यास वेदना नसली तरी विनाविलंब तपासणी करून घेणे आवश्यक असते. कारण लवकर निदान झालेला स्तन कर्करोग बहुधा बरा होतो.