तुरटी ज्याची त्याची

दाढी करताना हनुवटीखाली पाते लागले, रक्ताचा ठिपका आला, की आपल्याकडे हात जातो तो तुरटीकडे. आमच्या कारंज्यात कुणी तिला फिटकरी म्हणते. किराणा दुकानात ती सुटी मिळते आणि कटिंगच्या दुकानात आरशासमोर तिचा झिजून गुळगुळीत झालेला खडा असतो. कॉलेजातल्या पोरापासून निवृत्त गुरुजींपर्यंत साऱ्यांच्या गालावरून तोच खडा फिरतो. तुरटी चांगली की वाईट, हा आमचा प्रश्न नाही. ती चांगलीच आहे. तो खडा कुणाकुणाच्या रक्ताला लागून आला, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

आधी तिचा गुण समजून घेऊ. तुरटी म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे सल्फेट. तिच्या स्फटिकात पाण्याचे १२ रेणू बांधलेले असतात, म्हणूनच तव्यावर टाकली की ती पाणी सोडून फुलते आणि तिची लाही होते. जिभेला लावली तर तोंड आकसते. कातडीवरही तेच घडते. कापलेल्या जागेची कातडी आवळते, रक्तातील प्रथिने साकळतात आणि जखमेचे बारीक तोंड बंद होते.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात आयाबाया तुरटी फिरवीत, तेव्हा मातीचे कण एकमेकांना धरून तळाशी बसत. तेथूनच आपल्या मनात एक समज पक्का झाला, की तुरटी फिरली म्हणजे सारे शुद्ध झाले. पण निवळलेले पाणीसुद्धा प्यायच्या आधी उकळावे लागते, नाहीतर त्यात क्लोरीनचे औषध टाकावे लागते. रक्ताचेही तसेच आहे. रक्त थांबले याचा अर्थ जंतू मेले, असा नव्हे. काही जीवाणूंची वाढ तुरटीने रोखली जाते हे खरे. पण रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत तिच्या भरवशावर राहता येत नाही.

त्यातला सर्वांत चिवट म्हणजे कावीळ 'ब' चा विषाणू. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा तो किमान ७ दिवस टिकून राहू शकतो. डोळ्यांना रक्त दिसत नसले तरी तो असू शकतो. ज्याच्या अंगात तो आहे त्याला अनेकदा स्वतःलाच पत्ता नसतो. पुढे वर्षांनी यकृत खराब झाले की कळते. भारतात एच.आय.व्ही.चा पहिला आढळ १९८६ साली मद्रासला झाला. पुढे जी जागृती झाली तिच्यामुळे गिऱ्हाईक न्हाव्याला 'नवीन ब्लेड लावा' असे बजावू लागले. आज खेड्यातल्या दुकानातही वस्तऱ्यात नवे अर्धे पाते चढते, हे त्या प्रचाराचे मोठे यश आहे. पण पाते बदलले, खडा मात्र तोच राहिला! नव्या पात्याने झालेल्या जखमेवर आपण दिवसभराची जुनी तुरटी खुशाल घासून घेतो.

आपल्या समाजाला तर या खुर्चीचा इतिहास विसरून चालणार नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे की साताऱ्यात न्हावी होते, घरात पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नसल्यामुळे थोरली बहीणच भावंडांचे केस कापी. पुढे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा त्यांनी तो व्यापक करून सांगितला: मागेल त्याला मालक जिथे सेवा द्यायला तयार असतो ती जागा म्हणजे दुकान. म्हणजे त्या खुर्चीवर बसण्याचा हक्क फुकट मिळालेला नाही. तेव्हा तिथे बसून स्वच्छ सेवा मागायला संकोच कशाचा?

मागताना न्हावी बांधवावर ओरडू मात्र नये. तोही हातावर पोट असलेला कारागीर आहे आणि दिवसाकाठी दहा जणांच्या रक्ताशी संबंध येतो तो त्याचाच. त्याच्या बोटाला चीर असेल तर पहिला धोका त्यालाच. त्याला एवढेच सुचवावे की तुरटी कुटून तिची पूड झाकणाच्या बाटलीत ठेवा, प्रत्येकाला नव्या ओल्या कापसावर चिमूटभर घेऊन लावा आणि कापूस टाकून द्या. नाहीतर आपला खडा आपणच खिशातून न्यावा. लाजायचे काही कारण नाही.

घरची रीत सोपी आहे. कापले की आधी थंड पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने एक-दोन मिनिटे दाबून धरा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. तरी झिरपत असेल तर तुरटीचा कोपरा स्वच्छ पाण्यात भिजवून अर्धा मिनिट हलकेच टेकवा, घासू नका. चुणचुणेल, तेवढे सोसावे. मग चेहरा धुऊन टाका, खडाही धुऊन कोरडा करून डबीत ठेवा. साबणाच्या ओल्या डबीत तो विरघळत जातो. बाप-लेकांनी एकच खडा वापरू नये, जसा एकच टूथब्रश वापरत नाही.

डोळ्याजवळ, खोल जखमेवर किंवा पिकलेल्या पुळीवर तुरटी लावू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांचे रक्त दहा-पंधरा मिनिटे दाबूनही थांबले नाही तर दवाखाना गाठावा. गंजलेल्या पात्याने कापले असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून डॉक्टरांना सांगावे.

कावीळ 'ब' ची लस २०११ सालापासून देशभरच्या बाळांच्या लसीकरणात आहे, तिचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत द्यायचा असतो. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांनी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, ती घेतलेलीच नाही. मोठ्यांना तिचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. घरात कुणी सलूनचा धंदा करीत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. आधी तपासणी, मग लस, असा क्रम ते सांगतील.