वडिलांची उदासी मुलाला कशी दिसते?
शेतकऱ्यांच्या नैराश्यावर उपचार व्हावेत म्हणून यवतमाळसह राज्यातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 2015 मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, घरोघरी मोठ्यांची विचारपूस करू लागल्या. पण त्याच घरातल्या मुलाला काय वाटतं? पाय मोडलेल्या माणसाची कुबडी त्याला दिसते, मनातली उदासी दिसत नाही. वडील न बोलता पडून राहिले की ते आळशी झाले किंवा आपल्यावर रागावले, असा अर्थ मूल लावतं. वाईट घडलं म्हणजे आपल्या चुकीबद्दल शिक्षा मिळाली, हा लहान मुलांचा तर्क मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी 1932 मध्येच मांडला होता. कोवळ्या जिवाला वडिलांच्या आजाराबद्दल कशाला सांगायचं, ही काळजी खरीच आहे. मात्र गप्प राहिल्याने मूल निश्चिंत होत नाही. ते स्वतःच उत्तर रचतं आणि बहुधा स्वतःलाच दोषी धरतं. म्हणून एवढं तरी सांगाच: बाबा आजारी आहेत, तुझ्यामुळे नाही, आणि यावर औषध आहे.