ओली फरशी आणि पाणी पिणारे 'मोजे'

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या एक बाई भर दुपारी दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. उजवे मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेले, चेहरा पांढराफटक. मनगट सुजले होते आणि त्याचा आकारही बदलला होता. एक्स-रे काढण्याआधीच हाड मोडल्याचे दिसत होते.

"कशा पडलात?" मी विचारले.

"डॉक्टर, पाण्यावरून नाही हो पडले. पाणी दिसलं म्हणून गोणपाटावर पाय दिला, तर गोणपाटच सरकलं."

झाले होते ते असे. खिडकीच्या फटीतून पावसाचे पाणी आत येत होते. शिपायाने आपल्या परीने दक्षता घेऊन खिडकीखाली गोणपाट टाकले. ते तासाभरात भिजून चिंब झाले, पाणी त्याच्या खालून पुढे सरकले आणि गुळगुळीत फरशीवर गोणपाटाची घसरगुंडी तयार झाली. बाईंचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. लिहिणे, वेणी घालणे, पोळी लाटणे, सगळेच बंद. हे सारे कशामुळे, तर बादलीभरही नसेल एवढ्या पाण्यामुळे.

म्हणून आज एखाद्या रोगाऐवजी फरशीवरच्या पाण्याविषयी आणि ते अडवण्याच्या एका साध्या साधनाविषयी लिहीत आहे.

गळणारे पाणी आणि आरोग्य

पहिला धोका पडण्याचा. पडताना माणूस नकळत हात पुढे करतो आणि सारा भार मनगटावर येतो. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, हाडे विरळ होऊ लागतात आणि साध्या पडण्यानेही मोडतात. वयस्क माणूस कुशीवर पडला तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. पडलेल्या माणसाला उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर त्याला ओढून उठवू नये व चालवू नये. आहे तसे झोपवून, पाय न हलवता रुग्णालयात न्यावे.

दुसरा धोका विजेचा. आपल्याकडे कार्यालयात विजेचे एक्स्टेंशन बोर्ड सर्रास जमिनीवर पडलेले असतात. २३० व्होल्टचा प्रवाह आणि ओले पाय ही जोडी जीवघेणी आहे.

तिसरा धोका साचण्याचा. फ्रिजमागचा ट्रे, कूलरची टाकी, गळतीखाली ठेवलेली बादली यांत पाणी आठवडाभर राहिले, तर डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. गोदामात उंदीर असतील तर त्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायाला जखम किंवा भेगा असतील तर धोका अधिक. सतत ओल असलेल्या भिंतीवर बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो.

हे मोजे म्हणजे काय?

पायात घालायचे मोजे नव्हेत! कापडाची लांब, नळीसारखी पिशवी आणि तिच्यात पाणी शोषणारा माल ठासून भरलेला. दिसायला आपल्या बैठकीवरच्या लोडासारखी, पण बारीक. कारखान्यांत याला 'सॉक' म्हणतात. वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या अनेक वाचकांनी यंत्राभोवती तेल अडवण्यासाठी असे सॉक गुंडाळलेले पाहिले असतील.

गोणपाट पाण्यावर पसरते. सॉक मात्र पाण्याच्या वाटेत आडवा पडतो. तो लवचीक असल्याने कोपऱ्यात, पाइपाभोवती, दाराच्या उंबऱ्याशी बसतो. आधी पाणी अडवतो आणि मग पितो. त्यामुळे पाणी माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर येत नाही. त्याचा खरा उपयोग हाच आहे.

माझी फजिती

दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. त्या बाईंच्या अपघातानंतर माझ्या दवाखान्यातली पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची गळकी नळी मला एकदम दिसू लागली. कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका रुग्णाने, विक्रेत्याकडून नमुना म्हणून आलेला एक पांढराशुभ्र सॉक मला आणून दिला. मी तो यंत्राखाली मोठ्या ऐटीत ठेवला आणि घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तो पाणी सॉकच्या खालून रुग्णांच्या बाकापर्यंत गेलेले, आणि सॉक? जवळजवळ कोरडा!

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना विचारले, तर ते हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तो तेलाचा आहे. तो पाणी पीतच नाही."

पांढरे सॉक बहुधा केवळ तेलासाठी असतात. त्यातले पॉलिप्रॉपिलीनचे तंतू तेल ओढतात आणि पाण्याला दूर लोटतात. पाण्यावर तरंगणारे तेल टिपायला हाच गुण उपयोगी पडतो. आपल्याला पाणी अडवायचे असल्याने आपल्यासाठी तो निरुपयोगी. चूक वस्तूची नव्हती, न वाचता घेणाऱ्याची होती.

निवड कशी करावी?

*द्रव कोणता?* बाजारात साधारणपणे पांढरा सॉक तेलासाठी, करडा सॉक पाणी-तेल दोन्हींसाठी आणि पिवळा सॉक आम्ल व रसायनांसाठी असा रंगांचा संकेत आहे. मात्र हा कायदा नव्हे. रंगावर न जाता वेष्टनावर 'पाण्यासाठी' असे लिहिले आहे का, ते पाहावे. खात्री करायची असल्यास दुकानातच टोकावर चमचाभर पाणी टाकून बघावे. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर तो आपल्या कामाचा नाही.

*पाणी किती?* हा हिशेब घरच्या घरी होतो. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरून तासाला सुमारे १८० मिलीलिटर आणि दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक पाणी होते. साधारण साडेसात सेंटिमीटर जाडीच्या आणि १२० सेंटिमीटर लांबीच्या सॉकचे एकूण आकारमानच पाच लिटरांच्या आसपास असते. आतला माल वजा जाता तो फार तर तीन-चार लिटर पिईल. म्हणजे अशा गळतीला एक सॉक जेमतेम दिवसभर पुरतो. शनिवारी ठेवून सोमवारी पाहणाऱ्याची निराशा ठरलेली!

फरशीवरच्या पाण्याचा हिशेब आणखी सोपा. एक चौरस मीटर जागेत एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत नुसती पापुद्र्याएवढी एक मिलिमीटर ओल म्हणजे नऊ लिटरांहून अधिक पाणी. ते आधी वायपरने आणि बादलीने काढावे. सॉक उरलेल्यासाठी व पुढून येणाऱ्यासाठी.

*आत काय भरले आहे?* कागदाचा लगदा, मक्याच्या कणसाचा भुगा, वर्मिक्युलाइटसारखे खनिज किंवा कृत्रिम तंतू असा माल असतो. काही सॉकमध्ये बाळांच्या डायपरमध्ये असते तशी पूड असते. असा सॉक कोरडा असताना हलका व चपटा असतो आणि भिजला की फुगून जाड होतो. दाराखालून आत येणारे पावसाचे पाणी अडवायला तो चांगला. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात ही पूड बरीच कमी पाणी पिते. आणि कापड फाटून पूड बाहेर आली, तर तिचा लगदा साबणासारखा निसरडा होतो. ज्या अपघातासाठी उपाय केला, तोच अपघात त्यातून व्हायचा. म्हणून अशा सॉकची शिवण पक्की आहे ना, हे आधी पाहावे.

*लांबी आणि आकार* जागा मोजून ठरवावा. उंबऱ्यासाठी दारापेक्षा वीतभर लांब. यंत्राभोवती गोल गुंडाळायचा असेल तर लवचीक. फार जाड सॉक जाण्यायेण्याच्या वाटेवर नको, त्यालाच ठेच लागेल.

ठेवावा कसा?

प्रथम वीज. पाणी बोर्डापर्यंत पोचले असेल तर पाण्यात पाय घालू नये. मेन स्विच कोरड्या जागी असेल तर तो बंद करावा, नसेल तर वीजतंत्रज्ञाला बोलवावे. सॉक घेऊन धावणे हे त्यानंतरचे काम. कार्यालयात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नावाचा सुरक्षा-स्विच बसवून घ्यावा. तो विजेची गळती ओळखून क्षणात प्रवाह तोडतो.

मग फरशीवरचा कचरा झाडून घ्यावा. खडा राहिला तर सॉकखाली फट राहते आणि पाणी नेमके तिथूनच निघते. सॉक गळतीच्या उगमाला नव्हे, उताराच्या बाजूला आडवा ठेवावा. कपभर पाणी ओतून पाहिले की उतार कळतो. दोन सॉक लागत असतील तर टोकाला टोक न लावता एकावर एक वीतभर चढवून ठेवावेत. आणि शेजारी एक खुर्ची आडवी ठेवून लोकांना वाट बदलायला लावावी.

भिजलेला सॉक तीन-चार किलोंचा होतो. तो एका टोकाला धरून लोंबकळत नेऊ नये, फाटतो. बादलीत किंवा घमेल्यात घालून न्यावा. साधे पाणी असेल आणि वेष्टनावर परवानगी असेल, तर पिळून उन्हात कडकडीत वाळवून पुन्हा वापरता येतो. सांडपाणी प्यायलेला सॉक मात्र पुन्हा वापरू नये. हातमोजे घालून पिशवीत बांधून टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. ओला सॉक आठवडाभर कोपऱ्यात पडू देणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. रसायन किंवा आम्ल सांडले असेल तर यातले काहीच करू नये. ते कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचे काम.

विकत मिळाला नाही तर?

घाबरण्याचे कारण नाही. जुन्या सुती पँटचा पाय कापून एक टोक शिवावे, आत सुती चिंध्या ठासून भराव्यात, दुसरे टोक दोरीने आवळावे. सॉक तयार. नायलॉन-टेरिकॉटच्या चिंध्या नकोत, त्या पाणी नीट पीत नाहीत. बाजारातल्या सॉकइतके पाणी तो पिणार नाही, पण धुऊन वाळवून कितीतरी वेळा वापरता येतो. माझ्या दवाखान्यात असे दोन आहेत; आमच्या कंपाउंडरच्या जुन्या पँटचे. गोणपाट वापरायचेच असेल तर दाराबाहेर पाय पुसायला वापरावे. गुळगुळीत फरशीवर, येण्याजाण्याच्या वाटेत कधीही नको.

शेवटी महत्त्वाचे

आपल्या शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची सवय आहे. पाणी आले की टाक्या, ड्रम, पिंपे भरायची धांदल उडते, नळ चालू राहतो, टाकी वाहते आणि जिना ओला होतो. पाण्याचा थेंब न् थेंब जपणाऱ्या गावात पाण्यावरून घसरून हाड मोडावे, हे दुर्दैवच. टाकीला तरंगता झडप बसवणे आणि गळकी नळी बदलणे हा खरा उपचार. सॉक म्हणजे मलमपट्टी. प्लंबर येईपर्यंतच्या वेळात कोणी पडू नये, एवढ्यापुरतीच ती आहे. मलमपट्टी करून जखम विसरणाऱ्या रुग्णाला आम्ही जे रागावतो, तेच इथेही लागू.

त्या बाईंचे मनगट आता बरे आहे. थंडीत थोडे दुखते, पण काम चालते. तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी आनंदाने सांगितले की कार्यालयातल्या खिडकीची फट साहेबांनी अखेर बुजवून घेतली. मी विचारले, "आणि गोणपाट?"

"ते माझ्या हाताने फेकून दिलं, डॉक्टर. डाव्या हाताने!"

उद्या सकाळी कामावर गेल्यावर आपल्या कार्यालयाची, दुकानाची, शाळेची फरशी एकदा खाली पाहून चालत जा. कुठे ओल दिसली तर ती कोणाच्या पायाखाली येण्याआधी तिचा बंदोबस्त करा.