रेणूंची चाहूल

गेल्या हिवाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे फ्रिस्कोला आली, तेव्हा तिच्या दंडावर साखर मोजणारा, बटणाएवढा संवेदक लावलेला होता. एका रात्री अडीच वाजता माझ्या फोनवर धोक्याची घंटा वाजली. साखर ५४! धावत गेलो, तर आई डाव्या कुशीवर शांत झोपलेली. उठवून बोट टोचले. रक्तातली साखर ११८.

"काय रे, तुम्ही लोक एवढं बारीक मोजता, मग हे चुकलं कसं?" आईने विचारले. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, अतिसूक्ष्म संवेदकांवर संशोधन करणारा. उत्तर देणे मला भागच होते.

या संवेदकाचा केसासारखा तंतू त्वचेखाली असतो. त्यावरचे एन्झाइम साखरेशी क्रिया करते आणि अँपिअरच्या काही अब्जांश इतका क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांची, १९६२ सालची. परंतु हा तंतू रक्तात नसतो, पेशींभोवतालच्या द्रवात असतो. आई त्याच दंडावर झोपली, तिथला प्रवाह दाबला गेला आणि तेवढ्याच जागेतली साखर उतरली. संवेदक खोटे बोलला नाही. त्याने फक्त आपल्या आळीची बातमी साऱ्या गावाची म्हणून सांगितली!

मग आम्ही आणखी सूक्ष्माच्या मागे का लागतो? खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिचा जास्त पृष्ठभाग पाण्याला भिडतो. एक सेंटिमीटरच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या अब्जांशाएवढे, तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर होईल. जवळजवळ दीड एकर! वस्तू इतकी लहान झाली की ती जणू सगळी पृष्ठभागच होते. जाड तारेवर एखादा विद्युतभारित रेणू बसला तर तिला पत्ताही लागत नाही. काही नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन तारेतला प्रवाह मात्र तेवढ्याने बदलतो. हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००१ साली अशा तारांनी प्रथिने ओळखून दाखवली.

मग त्या अजून औषधांच्या दुकानात का नाहीत? एक मोठे कारण मीठ! शरीरातले द्रव खारट. त्यातले आयन रेणूच्या विद्युतभाराभोवती गर्दी करतात आणि साधारण १ नॅनोमीटरपलीकडे तो भार जाणवेनासा होतो. रेणू पकडायला तारेवर बसवलेली अँटिबॉडी मात्र सुमारे १० नॅनोमीटर लांब. म्हणजे पाहुणा दारात उभा, पण हाक घरात पोहोचत नाही. शिवाय नको ते रेणूही येऊन चिकटतात. आमच्या शेजारच्या रिचर्डसनमध्ये, टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत, शालिनी प्रसाद यांच्या गटाने घामातली साखर आणि कॉर्टिसॉल मोजणारे संवेदक विकसित केले. त्यांचीही गाठ अखेर खारट पाण्याशीच.

म्हणून आमचे बरेचसे आयुष्य चाहूल ऐकण्यापेक्षा ती कुणाची हे ओळखण्यात जाते.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील असे यंत्र लावून इथे येतात. घंटा वाजली तर दुर्लक्ष करू नका. पण आकडा आणि माणूस यांचा मेळ बसत नसेल तर बोट टोचून खात्री करा. आई आता उजव्या कुशीवर झोपते. मी मात्र अजून अडीचला एकदा जागा होतो.