व्यापारी वकिलाची पहिली शाळा

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणण्याची जुनी रीत आहे. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि साठवलेल्या हळदीची मोठी नासाडी झाली. अशा वेळी नुकसान नेमके कोणाचे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण पेवातला माल कधी शेतकऱ्याचाच असतो, तर कधी सौदा होऊनही व्यापाऱ्याने उचललेला नसतो. कधी त्यावर बँकेने तारण कर्ज दिलेले असते. विमा उतरवला असला, तरी जमिनीखालच्या साठ्याला तो लागू होतो का, याचे उत्तर पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते. १९३० चा मालविक्री कायदा सांगतो, की वेगळे काही ठरले नसेल तर मालकी ज्याची, जोखीमही त्याची. १८७२ चा करार कायदा सांगतो, की दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. ही दोन तत्त्वे कोणीही पाठ करील. पण सौदा कोणत्या क्षणी पक्का होतो, तोलाई कधी होते, पट्टी कोणाच्या नावाने निघते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती तत्त्वे कुठे लावायची हेच उमगणार नाही.

व्यापारी कायद्यात करिअर करायचे म्हटले, की मुंबईतल्या बड्या लॉ फर्म, राष्ट्रीय विधी विद्यापीठे आणि प्रवेश परीक्षेचे क्लास पालकांच्या डोळ्यांसमोर येतात. लवकर तयारी म्हणजे लवकर क्लास, असे समीकरण त्यातूनच तयार झाले आहे. ते अपुरे आहे. प्रवेश परीक्षेची तयारी वर्ष-दीड वर्षात होते. व्यापार कसा चालतो, पैसा कुठे अडकतो, माणसे कागदावर काय लिहितात आणि काय लिहायचे टाळतात, ही समज यायला मात्र अनेक वर्षे लागतात. लवकर सुरुवात करायची ती या समजेसाठी. आणि त्यासाठी सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला गाव सोडावे लागत नाही.

या दोन जिल्ह्यांतले व्यवहार पाहिले, तर व्यापारी कायद्याचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्यांत सापडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम, १४ दिवसांत द्यावी लागते आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. राज्य सरकारने २०२२ मध्ये ही रक्कम दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारखान्याची रोकड, बँकेचे कर्ज आणि शेतकऱ्याचा हक्क यांची एवढी स्पष्ट गाठ पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते. हळकुंड शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावर ते शेतमाल राहते का आणि त्यावरच्या अडतीला जीएसटी लागतो का, हा प्रश्न सांगलीच्याच बाजारातून अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे गेला. तिथले उत्तर अडत्यांच्या विरोधात होते, ते अपिलात बदलले. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता त्या नावाने दुसरीकडचा माल विकला जाऊ नये, यासाठी कागदोपत्री लढणारे लोक लागणार आहेत. सहकारी बँकांना थकबाकीदाराची तारण मालमत्ता सरफेसी कायद्याखाली ताब्यात घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ज्या प्रकरणात ठरवले, ते शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेचे होते.

कंपनी कायद्याचे उदाहरणही दूर शोधायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. या उद्योग घराण्यातील मंडळींनी सप्टेंबर २००९ मध्ये कौटुंबिक तडजोडीचा करार केला. पुढे त्यातील एकमेकांशी स्पर्धा न करण्याच्या अटीवरून वाद न्यायालयांत गेला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. कुटुंबाने केलेला करार कंपन्यांवर बंधनकारक असतो का, भागधारकांना तो सांगायला हवा का, अटीतल्या एकेका शब्दाची व्याप्ती किती, असे प्रश्न या वादात गुंतलेले आहेत. यात कोण बरोबर हे ठरवणे न्यायालयाचे काम. विद्यार्थ्याने त्यातून घ्यायचा धडा असा, की सलोख्याच्या दिवसांत लिहिलेला करारही वादाच्या दिवसांत वाचला जाणार आहे, हे धरून लिहावा लागतो.

मग सुरुवात कशी करावी? अकरावी-बारावीत शाखा कोणतीही असो, दुहेरी नोंदीचा जमाखर्च शिकून घ्यावा. ताळेबंद वाचता न येणारा वकील व्यापारी दाव्यात चार्टर्ड अकाउंटंटच्या तोंडाकडे पाहत बसतो. साताऱ्यात जन्मलेले आणि १९६४ ते १९६६ या काळात देशाचे सरन्यायाधीश राहिलेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९५५ मध्ये बँक निवाडा आयोगाचे काम पाहत होते. त्या आयोगापुढचा बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न बँकांच्या ऐपतीशी जोडलेला होता आणि ऐपत कळते ती हिशेबातून. जमाखर्च शिकल्यावर घरी येणारे कागद वाचायची सवय लावावी. अडत्याची पट्टी, भाडेकरार, पीककर्जाचे कागद, भागीदारीचे दस्त, ऊसतोड मुकादमाशी झालेला करार, यांतील प्रत्येक अट कोणाच्या बाजूची आहे आणि ती मोडली तर काय होईल, हे स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. कायद्याला प्रवेश घेतल्यावर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे प्रत्यक्ष काम करावे, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तिथे नुसते प्रमाणपत्र मिळवून वेळ दवडू नये. आधी करसल्लागार, मग बँकेचा वसुली विभाग, मग जिल्हा न्यायालयातील दिवाणी वकील, आणि शेवटी उच्च न्यायालय किंवा मुंबईतील कंपनी कायदा न्यायाधिकरण असा क्रम ठेवला, तर व्यवहार कागदावर येण्यापासून निकालापर्यंतची सगळी वाट नजरेखालून जाते.

यावर पहिला आक्षेप येईल, की बड्या फर्म नामांकित विधी विद्यापीठांतूनच मुले उचलतात, तिथे ही गावची समज कोण विचारतो? पहिल्या नोकरीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. ज्याला तिथे जायचे आहे त्याने क्लॅट या विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारी जरूर करावी. पण व्यापारी कायद्याचे सगळे काम त्या फर्ममध्ये होत नाही. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्याखाली दाव्याची किमान रक्कम एक कोटी होती, ती २०१८ मध्ये तीन लाखांवर आली. तातडीचा हंगामी आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करणे सक्तीचे झाले. तीन लाखांचा वाद हा विट्याच्या, कऱ्हाडच्या, तासगावच्या पेठेतला वाद आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा-सांगली त्याच्या कक्षेत आले. चार दशकांहून जुन्या मागणीचे हे फळ आहे. कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणे आजही मुंबईलाच चालतात, हे मान्य. तरीही उच्च न्यायालयात वकिली करायची तर मुंबईत बिऱ्हाड थाटलेच पाहिजे, ही अट आता उरलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एकाच वाटेला का जुंपायचे? उद्या त्याला न्यायाधीश व्हावेसे वाटेल, किंवा कायदाच नकोसा होईल. ही भीती रास्त आहे आणि म्हणूनच क्लासकेंद्री तयारी धोक्याची आहे, कारण परीक्षा हुकली की हातात फारसे काही उरत नाही. जमाखर्च, करार वाचण्याची सवय आणि नेमके लिहिण्याचा सराव यांचे तसे नाही. तो मुलगा पुढे बँकेत गेला, घरचा द्राक्षबाग सांभाळू लागला किंवा कारखान्याचा संचालक झाला, तरी हे शिक्षण कामी येतेच.

तिसरी अडचण इंग्रजीची. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि मोठे करारही इंग्रजीत लिहिले जातात, त्यामुळे ती भाषा कसून शिकण्याला पर्याय नाही. दहावीनंतर रोज एक पान निकालपत्र वाचले, तर पदवीपर्यंत ती भीती मोडते. पण जिल्ह्यातील न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि वादाचा मूळ पुरावा, म्हणजे वही, चिठ्ठी, इसार पावती, ठराव, हाही मराठीतच असतो. तो पुरावा अचूक वाचून इंग्रजीत तितकाच अचूक मांडणारा वकील दुर्मीळ आहे. मराठी माध्यमातल्या मुलाने याला कमीपणा न मानता स्वतःचे भांडवल समजावे.

हे काम एकट्या विद्यार्थ्याचे नाही. साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयासारख्या संस्थांनी बाजार समित्या, कारखाने आणि सहकारी बँकांशी बोलून विद्यार्थ्यांना तिथे बसू द्यावे. वकील संघटनांनी कनिष्ठांना सुरुवातीपासून मानधन द्यावे, नाहीतर गरीब घरची हुशार मुले पहिल्याच वर्षी हा रस्ता सोडतील. पालकांनी क्लासची फी भरण्याआधी मुलाला आठवडाभर दुकानाच्या किंवा अडतीच्या वहीशी बसवावे. आपल्या भागात व्यवहार मोठे झाले आणि ते लिहिणारे, तपासणारे लोक मात्र बाहेरून आणावे लागतात. ही स्थिती बदलायची असेल, तर आज अकरावीत असलेल्या मुलामुलींनी हा विषय आजच हातात घेतला पाहिजे.