आजोबांच्या गावाची वाट

सुरतेतील गोडादरा भागात मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांचे पूर्वज खानदेशातील शेतकरी. तापीकाठची शेती सोडून ते तिच्याच मुखाकडे पोटापाण्यासाठी आले. आज नातवंडे विचारतात, "आपले मूळ गाव कोणते?" आणि पुष्कळदा घरात उत्तर नसते.

हे उत्तर जुन्या कागदांत शोधावे, असे आम्ही सुचवितो. प्रथम वडीलधाऱ्यांकडून गाव, तालुका व पणजोबांचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. मग गावच्या महसूल दप्तरातील सातबारा पाहावा. त्यावरील फेरफाराचा क्रमांक मागील नोंदीकडे नेतो. जमीन वारसाने आली की विकली गेली, हे तेथे कळते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, हेही ध्यानात असावे. कुटुंब कॅथलिक असल्यास चर्चमधील स्नानसंस्काराची नोंदवही पाहावी. तिच्या समासात बहुधा पुढील विवाहाचीही नोंद आढळते.

जमीन केव्हा गेली, ते कागद सांगतो. ती सोडताना जिवाला काय वाटले, ते म्हातारी माणसेच सांगतील. वाचकहो, ती आपल्यात आहेत तोवर विचारून घ्या.