हवेला ठिगळ

हिमालयातल्या ट्रेकला नेलेल्या स्लीपिंग बॅगेत ऊब कोण देतं? आतली पिसं? मुळीच नाही! ऊब तुमच्याच अंगाची. पिसं एवढंच करतात की बॅगेतल्या हवेला जागचं हलू देत नाहीत. स्थिर हवेतून उष्णता जेमतेम सरकते. तीच हवा खेळू लागली की अंगाची ऊब घेऊन पसार होते. म्हणजे फाटकी बॅग नीट करायला बसलात, तर खरी डागडुजी करायची असते ती हवेची.

ही हवा अडवणारी वस्तू तर बघा. हंस-बदकांच्या छातीवर, वरच्या पिसांखाली मऊ लव असते. ट्रेकर तिला ‘डाउन’ म्हणतात. साध्या पिसाला मधोमध ताठ दांडी असते, लवेला ती नसतेच. एका ठिपक्यापासून असंख्य तंतू चहूकडे फुटतात, थेट रुईच्या म्हातारीसारखे, आणि त्या प्रत्येक तंतूला आणखी बारीक तंतू. उत्तम प्रतीची २८ ग्रॅम लव मोकळी फुलली की किती जागा व्यापते? सुमारे १३ लिटर! अर्धा किलो लव घेतली तर सव्वादोनशे लिटरच्या वर. आणि हे सगळं दाबून सॅकच्या तळाशी कोंबलं, रात्री बाहेर काढून झटकलं, की पुन्हा टम्म फुगून तयार.

मग अशा चुकार लवेला कोंडणारं कापड कसलं हवं? जड असेल तर लव दबते, विरळ असेल तर निसटते. १९२२च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञाने चक्क फुग्याच्या कापडाचा कोट शिवून घेतला होता, आत आयडर बदकाची लव भरून. सोबत्यांनी आधी टर उडवली. पुढे डोंगरावरच्या वाऱ्याने त्यांचं मत बदललं!

आज या कामासाठी १० डेनियरचं नायलॉनही वापरतात. १० डेनियर म्हणजे काय? ९ किलोमीटर लांब धागा, आणि वजन अवघं १० ग्रॅम. विणलेलं कापड तापलेल्या रुळांमधून दाबून काढतात, तेव्हा धागे चपटे होतात आणि फटी मिटतात.

अशा कापडावर शेकोटीची ठिणगी उडते. नायलॉन क्षणात वितळतं, भोक पडतं आणि त्यातून पांढरी लव डोकावते. ती उपटायला हात शिवशिवतो. थांबा! लवेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात; एक ओढलात की त्याच्यामागून दुसरा येतो. त्यापेक्षा भोकाच्या मागच्या बाजूचं कापड चिमटीत धरा आणि बाहेर आलेली लव आतून मागे खेचून घ्या.

दुसरा मोह सुईदोऱ्याचा. पण सुई प्रत्येक टाक्याला नवं भोक पाडते! मुळातल्या शिवणींतूनही अधूनमधून लव बाहेर येते, ती यामुळेच. लांब फाट असेल तर टाके घालावेच लागतात, पण वरून चिकटपट्टी हवीच. लहान भोकाला नुसती पट्टी पुरते. जागा स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या आणि पट्टीचे कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा कशाततरी अडकून आधी उचकटतो. कापडावर बारीक चौकडी दिसते का? ते रिपस्टॉप. थोड्या थोड्या अंतरावर जाड धागे विणलेले असतात आणि फाट तिथवर पळत जाऊन अडते.

पट्टी काही केल्या चिकटत नसेल, तर कापडावर सिलिकोनचा थर असू शकतो. ज्या गुणामुळे त्यावर पाणी टिकत नाही, त्याच गुणामुळे गोंदही टिकत नाही. तिथे सिलिकोनचाच गोंद लागतो.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. बॅगेला एकही भोक नाही, तरी ती गार पडते. असं का? घाम आणि अंगाचं तेल लवेत मुरतं, तंतू चिकटून गोळे होतात आणि हवा धरायला जागाच उरत नाही. उपाय साधा: धुणं! लवेसाठीचा खास साबण घ्यायचा, कारण नेहमीची पावडर तिचं नैसर्गिक तेलच ओरबाडते. ओली बॅग मात्र एका टोकाने उचलू नका. भिजलेल्या लवेच्या वजनाने आतले जाळीचे पडदे फाटतात आणि मग सगळी लव एका कोपऱ्यात जमते. फाटलेले पडदे सांधायचं काम घरी होणारं नाही. शिवण उसवून, लव तोलून पुन्हा भरणाऱ्या कारागिराकडेच जावं लागतं.

वाळवण म्हणजे संयमाची परीक्षा. ड्रायरमध्ये मंद आचेवर, सोबत दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून, कित्येक तास. चेंडू आपटतात तसतसे गोळे पिंजले जातात. मध्येच बॅग उघडून पाहिलीत तर वाटेल, संपलं, वाया गेली! नाही गेली. चालू ठेवा. आपल्याकडे बहुतेक घरांत ड्रायर नसतो. मग बॅग सावलीत आडवी पसरून गोळे बोटांनी सोडवत बसायचं, दिवसेंदिवस. पावसाळ्यात या भानगडीत न पडलेलंच बरं.

उबदार जॅकेटलाही हाच नियम. रेनकोटाची गोष्ट वेगळी आणि तितकीच अजब. नव्या रेनकोटावर थेंब मोत्यासारखे घरंगळतात आणि काही महिन्यांनी बाहेरचं कापड ओलं दिसू लागतं. आपण म्हणतो, गळायला लागला. बऱ्याचदा आतला जलरोधक पडदा शाबूत असतो! बाहेरच्या धाग्यांवर पाणी झिडकारणाऱ्या रेणूंचा मुलामा असतो. मळाने आणि घासण्याने त्यांची शेपटं आडवी पडतात. कोट धुवून लेबलवर लिहिलं असेल तेवढी ऊब दिली, की शेपटं पुन्हा उभी! मग वर चमचाभर पाणी शिंपडून पाहायचं. थेंब गोल झाले तर काम झालं. तरीही झिरपले तर मुलामा झिजलाय, बाजारातला स्प्रे आणा.